दिवा लागला होता

गेल्या महिन्यात दादांच्या नातवाचा फोन आला. दादा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नातू पुण्याला निघाला होता आणि खंबाटकीच्या अलीकडून, गाडी चालवता चालवताच बोलत होता. "आत्या, समोर काट्यांजवळ लाल झारीसारखा दिवा लागलाय. गाडी तशी चांगली पळतीय. पुण्यात गेल्यावर दाखवली तर चालेल ना?" मी त्याच्यावर अशी ओरडले की स्वयंपाकघरातून सूनबाई पळत बाहेर आली. "आधी गाडी बाजूला घे आणि बंद कर. आत्ता. बाकीचं नंतर बोलू." त्यानं गाडी बंद केली आणि मग भेदरल्या आवाजात विचारलं, "एवढं काय झालं?" पोरगं बिचारं विचारत तरी होतं, आणि ऐकलंही त्यानं लगेच. माझा राग त्याच्यावर नव्हता. तो फार जुना राग आहे आणि तो ज्या माणसावर आहे त्याच्यावर मी जगात सगळ्यांत जास्त माया केली. म्हणून हे कधी लिहिलं नाही. आता लिहिते.

आमचं घर उंब्रजजवळच्या एका गावात. ऊस होता, चार म्हशी होत्या, आणि सोळा माणसांचा स्वयंपाक एका घरात व्हायचा. पहाटे जाग यायची ती विहिरीवरच्या पंपाच्या भकभकीनं, आणि त्यातच मिसळलेल्या आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. सकाळी भाकरी, खर्डा आणि दही. थंडीत कुळथाचं माडगं, वाफाळतं, पितळीत ओतलेलं. जेवणाची एक रीत होती. दादांचं ताट पहिलं. दादा घास घेत नाहीत तोवर आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात ताटाकडं जायचा नाही. एकदा दादा ताटावरून उठून दारात कुणाशी तरी बोलत उभे राहिले ते राहिलेच. आबांच्या आमटीवरचा तवंग गोठला, भाकरी वातड झाली, पण आबा मांडीवर हात ठेवून बसून होते. आम्हा मुलांना त्याचं फार कौतुक वाटायचं. गावही म्हणायचं, भाऊ असावेत तर असे. मी कितीतरी वर्षं तेच म्हणत आले होते.

आबा मिल्ट्रीतून हवालदार होऊन परत आले. बंदूक त्यांनी किती चालवली ठाऊक नाही. त्यांची सगळी नोकरी गाड्यांच्या पोटाखाली गेली. ते घरी आले त्याच साली दादांनी कराडच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार घेतली. तिचं दुखलंखुपलं सगळं आबा बघायचे. चालवायचे मात्र दादाच. सकाळी आबा गाडी चालू करायचे, इंजिन गरम करायचे, काच पुसायचे आणि मग उतरून, दार उघडून दादांसाठी उभे राहायचे. ज्या माणसानं बर्फातल्या घाटांतून ट्रक काढले तो माणूस आपल्याच दारातली गाडी वेशीपर्यंतसुद्धा नेत नसे, आणि दादा तर गियर टाकताना असा आवाज काढायचे की म्हशी दावणीला बिचकायच्या. आबा तो आवाज ऐकून डोळे मिटून घ्यायचे. 

रविवारी आबा गाडीचं बॉनेट उघडायचे आणि हाक मला मारायचे, भावांना नाही. भावांना पाने उचलून द्यायचा कंटाळा होता. मला त्या तेलाच्या वासाचं वेडच होतं. किल्ली फिरवून ते समोरचा इवलासा लाल दिवा दाखवायचे.

"किल्ली फिरवली, लागला. इंजिन चालू झालं, इजला. इजला म्हंजे समदं ठीक. आता चालत्या गाडीत लागला तर?"

"तेल संपलं."

"हितंच समदी चुकत्यात. तेल किती हाय ते ह्यो दिवा सांगत न्हाई. ते ह्या काडीवर बघायचं. दिवा सांगतो, तेलाला दाब हाय का न्हाई. हिरीत पाणी हाय, पर पंप वडत न्हाई. मग ऊस भिजंल का?"

"न्हाई."

"तसं. तेल पोचंना म्हंजे लोखंडावर लोखंड घासतंय. मग आपल्याकडं येळ किती?"

हे उत्तर मला पाठ होतं. "किल्लीपतोर हात जाईल तेवढा."

यावर ते खूश होऊन मेजरची गोष्ट सांगायचे. डोंगरातल्या रस्त्यावर जीप होती, मेजरला पुढच्या ठाण्यावर पोचायची घाई होती, आणि लाल दिवा लागला. आबांनी जीप तिथंच बंद केली. मेजर भडकला, हुकूम सोडला, कोर्टमार्शलची धमकी दिली. आबा सावधान उभे राहून म्हणाले, "साब, जो सजा देनी है दो. बत्ती लाल है, गाडी आगे नहीं जायेगी." शेवटी मेजर दोन मैल चालत गेला. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. प्रत्येक वेळी "नहीं जायेगी" म्हणताना आबांची छाती फुगायची, आणि माझीसुद्धा.

मी मॅट्रिकला तालुक्यात वर आले तेव्हा मास्तरांनीच सांगितलं की सांगलीच्या तंत्रनिकेतनात मशिनचा डिप्लोमा आहे, मुलींनाही घेतात, फक्त मुली येत नाहीत. मी हट्टच धरला. भावकीत हसण्याचा विषय झाला. पोरगी पाना घेऊन गाडीखाली झोपणार म्हणून. पण दादांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. हे खोटं लिहिणार नाही. "आमची मंगल विंजनेर हुनार," असं चावडीवर सांगून आले. मुलाखतीचं पत्र आलं. अकरा वाजता हजर राहायचं. नाव पुकारल्यावर उमेदवार नसेल तर जागा पुढच्याला. आबा म्हणाले, सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ. दादा म्हणाले, "आमची पोरगी एसटीत चेंगरत जानार? मोटार काय शोभंला ठेवलीया?" झालं. आबांनी आदल्या दिवशी तेल बदललं, डबा मी धरला होता. तेल सोडायचा खालचा नट त्यांनी माझ्या देखत आवळला, वर पुन्हा एकदा आवळून बघितला.

साडेसातला निघालो. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. पुढं दादा, त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांचा कोट आणि छत्री. आबा मागं, माझ्या शेजारी. थोरल्या भावाच्या बरोबरीनं पुढं बसायचं नाही म्हणून गाडीतलं कळणारा एकमेव पुरुष मागं, आणि त्याच्या जागेवर कोट. तेव्हा हसू आलं नाही. आता लिहिताना हसू येतं आणि पुन्हा डोकं फिरतं. मी दोन्ही सीटच्या मधून पुढं वाकून बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी. रस्ता बघण्यापेक्षा समोरचे काटे बघण्यातच मला मजा यायची.

इस्लामपूर सोडलं आणि पुढं मेंढरं लागली. आटपाडीकडचे धनगर, पावसाळ्याला आपल्या मुलखात परतणारे. घोड्यांवर बोचकी, कोंबड्या, आणि रस्ताभर मेंढरं. म्हातारा धनगर काठी आडवी धरून म्हणाला, "आवं जरा दम धरा की पावणं, वाट करून देतो." दादांना दम धरवला नाही. त्यांनी गाडी रस्त्याखाली उतरवली. तिथं रस्त्याच्या कामाचे दगड टाकले होते. खालून गाडीच्या पोटात घण बसावा तसा आवाज झाला, गाडी एकदा उचलली, आपटली आणि पुन्हा रस्त्यावर आली. दादा म्हणाले, "काय न्हाई, दगूड लागला." आबा झटकन मागं वळले आणि मागच्या काचेतून बघायला लागले. मीही वळले. रस्त्यावर एक काळी ओळ उमटत होती, करंगळीएवढी, आणि ती आमच्या मागं मागं येत होती. मी आबांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते पुन्हा पुढं तोंड करून बसले.

थोड्या वेळानं दिवा लागला. आधी वळणावर नुसता मिचमिचला, मग लागला तो लागलाच. मी म्हटलं, "दादा, लाल दिवा लागलाय. गाडी थांबवा."

"लागू दे गं. नवं तेल हाय. आबानं कालच भरलंय." मग आरशात बघत त्यांनी मागं विचारलं, "व्हय का न्हाई रं आबा?"

"व्हय, दादा," आबा म्हणाले.

मला वाटलं, आता पुढचं बोलतील. आत्ता बोलतील. भरलंय खरं दादा, पण खालचं तेलाचं चेंबर फुटलंय, तेल रस्त्यावर चाललंय. एवढी दोन वाक्यं होती. आबा खिडकीतून बाहेरच्या उसाकडं बघत होते. मी पुन्हा म्हटलं, "दादा, तेल भरलेलं असलं तरी दिवा—" आणि आबांनी माझा हात धरून दाबला. गप बस, असा. तो हात मला अजून आठवतो; तेलानं काळ्या पडलेल्या नखांचा, किल्लीपर्यंत सहज पोचला असता असा लांब हात. मी गप बसले. सतरा वर्षांची होते, पण ते काही कारण नाही. मला माहीत होतं आणि मी गप बसले, त्याचा राग मी माझ्यावरही काढलेला आहे.

आधी टकटक सुरू झाली. मग खडखड. दादा म्हणाले, "रस्ता खराब हाय." मग लोखंड किंचाळल्यासारखा एक लांबलचक आवाज आला आणि गाडी मेली. आष्टं अजून यायचं होतं. पावणेदहा झाले होते. आबांनी उतरून बॉनेट उघडलं, वाफ आणि जळका वास बाहेर आला. त्यांनी खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. बघायचं काय होतं?

एवढ्यात एसटी आली. मी हात केला. गाडी थांबली, कंडक्टरनं दार उघडलं, "सांगली, सांगली." दादांनी हातानंच तिला पुढं जायला सांगितलं. "आष्ट्यात आपल्या वळखीचा मिस्त्री हाय. सायकलवाल्याकडनं निरोप धाडलाय, येतोय त्यो. घरच्या मोटारीतनंच उतरायचं कॉलेजात." मी आबांकडं बघितलं. इंजिन आता कधीच सुरू होणार नाही हे त्यांना त्या मिस्त्रीच्या बापापेक्षा जास्त कळत होतं. ते रुमालानं हात पुसत होते. हाताला काही लागलेलं नव्हतं. एसटी गेली. तासाभरानं दुसरी आली, तीही तशीच गेली. दादा तोवर येरझाऱ्या घालत बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांना कारण सापडलं. "खालचा नट ढिला ठेवलास का रं? मिल्ट्रीत हेच शिकिवलं का तुला?"

आबा म्हणाले, "आसंल, दादा. चुकलं माझं."

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. सकाळचीच मेंढरं आम्हाला गाठून आली होती. म्हातारा धनगर थांबला आणि एक मेंढी टांगेत धरून तिचं पाऊल त्यानं उलटं करून दाखवलं. खूर काळे झाले होते. "तिकडं दगडाला हानली न्हवं का गाडी, तिथनं हितवर तेल सांडत आलंय तुमचं. माझ्या समद्या जितराबाचं पाय बरबाटलं. तुमाला कुणाला दिसलं न्हाई व्हय?"

मी तेव्हा फुटले. आमच्या घरात बाईमाणसानं दादांसमोर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. मी रस्त्यात, धनगरांसमोर, ओरडून म्हणाले, "दिसलं होतं. मला दिसलं होतं, आबांनाही दिसलं होतं. नट ढिला नव्हता. दिवा लागलेला तेव्हाच सांगत होते मी. आबा, तुम्ही मागं वळून बघितलं ना? बोला की. ओळ बघितली ना तुम्ही?"

आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई."

माझ्या वडिलांनी माझ्याशी बोललेलं ते एकच खोटं, निदान मला कळलेलं. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी विसरले असते. धनगराला काय कळायचं ते कळलं असावं. त्यानं मेंढी खाली सोडली आणि पुढं गेला. त्याच्या बाईनं जाता जाता माझ्याकडं वळून बघितलं.

अकरा वाजून गेले तरी मिस्त्री आला नाही, तेव्हा दादांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बरं, जा घिऊन तिला एसटीनं." वेळ होती तोवर परवानगी नव्हती, वेळ गेली आणि मग मिळाली. आबा लगेच निघाले. एसटीत ते माझ्या शेजारी बसले, मी खिडकीकडं तोंड केलं. त्यांनी दशमीचं फडकं पुढं केलं, मी घेतलं नाही. तंत्रनिकेतनात पोचलो तेव्हा शिपाई बाकडी उचलत होता. कारकुनानं यादीवर बोट ठेवून दाखवलं. "तीनदा पुकारलं नाव. जागा गेली." त्याच्या मागं एक दार उघडं होतं, आत प्राध्यापक चहा पीत बसले होते. दहा पावलं असतील. मी आबांना म्हटलं, "आत जाऊन सांगा की त्यांना, गाडी बंद पडली म्हणून." मेजरला रस्त्यात उतरवणारे माझे आबा कारकुनाला म्हणाले, "बरं साहेब." आणि वळले.

घरी आई दारातच उभी होती. चेहरा बघूनच तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. नंतर भावानं तिला सगळं सांगितलं, तो दादांकडून ऐकून आला होता, म्हणजे ढिल्या नटासकट. मग माझ्याकडून तिनं खरं ऐकलं. संध्याकाळी दादांचं ताट नेहमीसारखं आधी वाढलं तिनं. आबांना वाढताना मात्र भाकरी ताटात टाकत हळूच म्हणाली, "तुमी मिल्ट्रीत लढला तरी कुणाशी वो?" आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला त्यांची दया आली नाही.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. रविवारी हाक आली की मी म्हशींकडं जायची. एसटीतलं ते दशमीचं फडकं मला राहून राहून आठवायचं, आणि रात्रंदिवस एकच वाटायचं की माझ्या जागेवर आत्ता कुणीतरी पोरगा बसून मशिनची चित्रं काढत असेल, त्याला तो दिवा कशाचा हेही ठाऊक नसेल. महिनाभरानं आबांनी गाडीचं इंजिन अंगणात उतरवलं. मी दारातून बघत होते. त्यांनी आतली बेरिंगं काढली; जळून निळी-काळी पडलेली, चंद्रकोरीच्या आकाराची, कडा सोलून वर आलेल्या. एक त्यांनी माझ्यापुढं धरलं. "मंगल, हे बघ, कसं झालंय."

मी म्हटलं, "मला कशाला दाखवताय? मला माहीत होतं. दादांना दाखवा."

आबांनी ते बेरिंग मुठीत धरलं. मग उठले, हातही न पुसता सोप्यात गेले. दादा तिथं चार माणसांत बसले होते. आबांनी ते जळकं बेरिंग त्यांच्या समोर घोंगडीवर ठेवलं. मी दाराआडून सगळं ऐकलं. आबा म्हणाले, "दादा, नट आवळलेला हुता. दगडानं चेंबर फुटलं. तेल सांडताना मी बघितलं हुतं, दिवा लागलेला बी बघितला हुता. पोरगी खरं बोलत हुती."

दादांनी ते बेरिंग उचलून बघितलं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण दादांनी मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं, "मग तवाच का सांगितलं न्हाईस रं?"

माझाही तोच प्रश्न होता. महिनाभर मी तोच घोकत होते. दादांचा आणि माझा प्रश्न एक निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आबा म्हणाले, "तुमी चालवत हुता, दादा."

सोप्यातली माणसं उठून गेली.  दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना दादांनी आबांना म्हटलं, "तू घे रं आधी, माझ्यासाठी थांबू नगंस." आबांचा हात ताटापर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. त्यांना जमलं नाही. ते कधीच जमलं नाही.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी दादा म्हणाले, "मंगलचा फारम भरलास का?" तेव्हा कुठं आबांनी माझा अर्ज भरला. त्यांनी तो आणून ठेवला होता, दोन महिने आधीपासून, ट्रंकेत, त्यांच्या मिल्ट्रीच्या कागदांखाली. दादांनी विचारीपर्यंत बाहेर काढला नव्हता. मला प्रवेश मिळाला, डिप्लोमा झाला, पुढं बत्तीस वर्षं मी मुलांना इंजिनं शिकवली. दिव्याच्या धड्याला मी विहिरीचं आणि उसाचंच उदाहरण द्यायची, आबांच्याच शब्दांत. कुणी विचारलं, मॅडम, वेळ किती असतो, तर उत्तरही तेच द्यायची.

आबा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना माझ्या गाडीतून दवाखान्यात नेत होते. पुढची सीट मी मुद्दाम रिकामी ठेवली होती, दार उघडून उभी राहिले होते. त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडं. "तू चालवनार न्हवं?" म्हणाले, आणि मागचं दार उघडून मागं जाऊन बसले.